तारापूरचं जहाज

अनुसयाबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यांना ठाऊक असलेलं मोठं पाणी म्हणजे पुरातली वर्धा नदी, आणि तीही काठावरून. तरी ऐंशी सालच्या दसऱ्यापासून त्या एका जहाजाची वाट पाहायला लागल्या. अमेरिकेतून निघणारं, तारापूरच्या अणुभट्टीसाठी युरेनियम आणणारं जहाज. जिचा सारा संसार आष्टीपासून कोसभरावरच्या संत्र्याच्या बागेत गेला, त्या बाईला असल्या जहाजाशी काय घेणंदेणं, असं कुणीही विचारेल. उत्तर त्यांचे दीर नरहर मास्तर देत. त्यांच्याजवळ सगळ्याचं उत्तर असे.

नरहर मास्तर आष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवत. खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. त्यांची बायको म्हणे, लग्नात यांच्या डाव्या अंगाला मी बसले होते, आता तिथं रेडिओ बसतो. माणूस मनाचा निर्मळ, पण जगाचा कारभार आपल्याला विचारून चालतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. चौऱ्याहत्तर साली पोखरणला स्फोट झाला तेव्हा ते भर उन्हात सायकल दामटत बागेत आले होते. "दादा, आपनही केला!" असं बांधावरूनच ओरडत. किसनराव, म्हणजे अनुसयाबाईंचे मालक, तेव्हा हयात होते. त्यांनी घरात होती नव्हती ती साखर बाहेर काढायला लावली आणि अनुसयाबाईंनी ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवली. बेचाळीस साली इंग्रजांच्या पोलिसांना भिडलेला हा मुलूख. असल्या बातमीनं त्याची छाती फुगणारच. कसला स्फोट आणि कशासाठी, हे अनुसयाबाईंना धड कळलं नव्हतं. पण नवरा इतका मोकळा हसताना त्यांनी फार दिवसांनी पाहिला, म्हणून त्याही हसल्या होत्या.

पुढं किसनराव गेले. मागं राहिली बाग, विहीर, विहिरीवर त्यांनी हौसेनं बसवलेली विजेची मोटर, विहिरीजवळच्या दोन खोल्या, आणि केशव. केशव हा एकुलता मुलगा, पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत कारकून. त्याला सरकारी क्वार्टर होतं, बायको होती, आणि आई एकटी रानात राहते याची लाजही होती.

संत्र्याला वर्षाचा एक बहार धरायचा, मृग नाहीतर आंबिया. मृग पावसावर येतो. पाऊस वेळेवर लागला तर फूल, नाही लागला तर नुसता पाला. आंबिया धरायचा हिवाळ्यात, आणि तो सगळा विहिरीच्या भरवशावर. त्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, आळी उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं, झाडाला तहानेनं कासावीस करायचं. पानं मलूल झाली की बरोबर संक्रांतीच्या सुमारास खतपाणी सोडायचं. घाबरलेलं झाड मग अंगभर फुलतं. किसनराव सांगत, ताण देणं म्हणजे झाडाला मरणाच्या दारापर्यंत नेऊन परत आणणं आहे. न्यायला कुणालाही येतं.

गेले दोन मृग कोरडे गेले होते. म्हणजे आता आंबियाच धरायला हवा. पण त्याला वीज हवी, आणि विजेचा तर नुसता खेळखंडोबा चालला होता. आली तर तीनपैकी एकच फेज यायची. तेवढ्यावर खोलीतला दिवा तांबूस मिणमिणायचा, पण मोटर गुरगुरून गप्प बसायची. तेलाचं जुनं इंजिन होतं, तर डिझेलसाठी आष्टीच्या पंपावर रिकाम्या डब्यांची रांग लागलेली.

अशात दसऱ्याला नरहर मास्तर सोनं द्यायला आले. आपट्याचं पान हातात ठेवून पाया पडले आणि उठता उठताच म्हणाले, "वहिनी, तुमचा आंबिया यंदा पक्का!"

"काऊन? तुमी विहिरीत बसून फुंकर मारनार हाय का?"

"मजाक नाई. तारापूरचं जहाज सुटलं समजा!"

मग मास्तर ओसरीवर मांडी घालून बसले आणि वर्गात शिकवावं तसं शिकवू लागले. तारापूरला अणूची वीज होते. त्या भट्टीला लागणारा माल अमेरिकेनं द्यायचा, असा जुना करार आहे. पण आपण पोखरणला स्फोट केला आणि ते बिथरले.

"म्हनतात, तुमच्या सगळ्या भट्ट्या आमाले उघडून दाखवा, कागदावर सही करा, मंग माल."

"मंग करून टाका ना सही."

"वहिनी! असं कसं? त्यांच्या घरी बॉम्बचा ढीग पडला हाय, अन् सही आपन कराची? इज्जतीचा सवाल हाय."

"बरं, नका करू बाप्पा," अनुसयाबाई म्हणाल्या. मास्तरांच्या इज्जतीला धक्का लागलेला त्यांना चालत नसे.

"म्हनूनच तं ते आपल्याले ताण देऊन राह्यले. तुमी झाडाले देता तसा."

त्यावर अनुसयाबाई म्हणाल्या, "भाऊजी, ताण देनाऱ्याचा हात पान्याच्या दांडावर असते. कवा सोडाचं ते त्याले ठावं असते. नाई तं त्याले ताण म्हनत नाई, जीव घेनं म्हनतात."

"तेच तं सांगून राह्यलो! त्याहीनं सोडलं. त्यांच्या मोठ्या सभेत मतं पडली, दोन मतानं आपलं काम झालं. आता जहाज येते. तारापूर पुरं चाललं का मुंबईचं भागलं. मुंबईचं भागलं का ते आपल्या कोराडीची वीज ओढनार नाई. आपल्या कोळशाची वीज आपल्याच विहिरीवर! समजलं?"

समजलं होतं. निदान अनुसयाबाईंना तसं वाटलं. राशनच्या दुकानावर रॉकेलचा टँकर आला की दुसऱ्या दिवशी वाटप होतं, तसंच हे. आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाही ते तेवढंच समजलं होतं.

दिवाळीला केशव आला. चार दिवस गोडगोड राहिला, आणि भाऊबीज झाल्यावर विषय काढला.

"माय, आता पुरे. बाग तोडू, पऱ्हाटीसाठी वावर बटईनं देऊ, निम्मा कापूस आपला. तू चाल माह्यासंगं. इथं विंचू चावला तं कोनाले हाक मारशीन?"

"नत्थूजीले." नत्थूजी शेजारच्या बागेचा म्हातारा. त्याचा बांध हाकेच्या अंतरावर होता.

"नत्थूजीले कानानं आयकू येते का?"

अनुसयाबाईंना हसू आलं, पण केशव चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्याखाली काळजी होती, ती त्यांना दिसत होती. पण ही बाग किसनरावांनी कलमं डोक्यावर वाहून लावलेली. पहिले दोन उन्हाळे नवराबायकोनं कावडीनं पाणी घालून जगवलेली. त्या म्हणाल्या, "एक आंबिया धरू दे मले. बाग फुलली तं मी इथं मरतो, मंग तू काई बोलाचं नाई. नाई फुलली तं तू म्हनशीन तिथं येतो."

"अन् तवा मांगं फिरजो नको."

"नाई फिरत."

नत्थूजीला हे ओरडून सांगितलं, तर त्यानं बांधावरूनच हात नाचवला. "वीज नाई, तेल नाई, अन् आंबिया? येडी झाली का व अनुसया? मी तं मृगाचीच वाट पाहीन." त्याला जहाजाचं सांगितलं तर तो कानाशी हात नेऊन म्हणाला, "कोनाचं लगन?" अनुसयाबाईंनी नाद सोडला.

मार्गशीर्षात त्यांनी पाणी तोडलं. आळी उकरली. थंडी पडली, वारा सुटला, पानं हळूहळू मान टाकू लागली. ही अनुसयाबाईंना कधीच न आवडलेली वेळ. रोज सकाळी त्या ओळीतून फिरत आणि झाडाच्या खोडाला हात लावून म्हणत, "दम धर, थोडाच टाइम." अशातच एका संध्याकाळी मास्तर ट्रान्झिस्टर छातीशी धरून आले. माल आला होता! मुंबईला पोचला होता. अनुसयाबाईंनी देवापुढं गूळ ठेवला, आणि मास्तरांच्या हातावरही.

संक्रांत आली. पानं वळली, खालची पिवळी पडून गळू लागली. ताण पुरा बसला होता. आता पाणी हवं होतं. अनुसयाबाईंनी खत टाकून ठेवलं, दांड साफ केले, आणि मोटरच्या खटक्याजवळ पाट मांडून बसल्या. दिवा तांबूस मिणमिणत राहिला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर.

शेवटी त्या मास्तरांना घेऊन आष्टीला वीजबोर्डाच्या हापिसात गेल्या. तिथला इंजिनिअर पोरगेला होता, चिडलेलाही नव्हता आणि उद्धटही नव्हता. अशा माणसाशी भांडताही येत नाही. मास्तरांनी त्याला तारापूरच्या जहाजाचं सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा पुसला.

"सर, ते जहाज आलं, खरं आहे. पण ती तशीच भट्टीत टाकायची वस्तू नाही. तो माल आधी हैदराबादला जातो. तिथं त्याच्या कांड्या बनवतात, मग तारापूर, मग भट्टी थंड करून त्या बदलायच्या. आणि आला तोही अर्धाच आहे. उरलेल्याचं तिकडं पुन्हा अडलं म्हणतात, त्यांचं सरकारही बदललं."

"मंग वीज कवा येईन?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"आजी, तारापूर पुरं चाललं तरी ती वीज मुंबईलाच कमी पडते. इकडं यायची कुठून?"

बाहेर आल्यावर मास्तरांनी ट्रान्झिस्टर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. एवढा बोलका माणूस, पण आष्टी ते बाग सायकल हातात धरून चालत आला आणि वाटेत एक शब्द निघाला नाही. अनुसयाबाईंना राग यायला हवा होता. आली ती दयाच. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमी काई जहाज बुडवलं नाई." ते बोलणं मास्तरांना शिवीपेक्षा जास्त लागलं असावं, कारण त्यांनी लगेच मान वर केली. "येईन वहिनी, दोनचार दिवसांत येईन. मी नागपूरले जातो, सायबाले भेटतो. तुमी ताण तोडू नका."

त्याच दुपारी नत्थूजी आला. बहिरा असला तरी डोळे शाबूत होते. झाडाची फांदी वाकवून त्यानं नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं, पण कोरडं. "माही मोट हाय अजून," तो म्हणाला. "बैल जुपतो. अर्धी बाग तं भिजन."

इथं अनुसयाबाई चुकल्या. पुढं कितीदा तरी त्या हाच क्षण आठवत. मोटेचं पाणी म्हणजे दिवसाला एखाद-दुसरी ओळ. असं तुटक पाणी मिळालं की झाड ना धड फुलतं, ना धड झोपतं. ताण फुकट जातो, बहार विस्कटतो. हे बागायतदाराच्या घरात पोरंही जाणतात. झाडं जगली असती, पण बाग फुलली नसती, आणि केशवाशी बोली फुलण्याची होती. शिवाय कोणती अर्धी भिजवायची? कलमं लावताना किसनरावांनी निवड केली नव्हती. दुसरीकडं मास्तरांचे दोनचार दिवस होते. त्यांनी हात हलवून नत्थूजीला नाही म्हटलं. म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं. मग तो बैलांकडं परत गेला.

मास्तर नागपूरला गेले, साहेब दौऱ्यावर होता. पुन्हा गेले, साहेबानं वर लिहितो म्हटलं. दोनाचे चार आणि चाराचे कितीतरी दिवस झाले. शेंड्याच्या डहाळ्या वाळू लागल्या. संत्र्याच्या बागेत वाळलेल्या डहाळीला सल म्हणतात, आणि एकदा सल धरली की ती खाली उतरत जाते. अनुसयाबाईंनी शेवटी मोटेसाठी नत्थूजीकडं जायचं ठरवलं. पायात चपला घातल्या, आणि खोलीतला दिवा भक्कन पांढरा झाला.

वीज आली! तिन्ही फेज. काही कारण नव्हतं, कुणाची मेहेरबानी नव्हती. कुठंतरी एखादा कारखाना बंद असेल. वसंतपंचमी उलटून गेलेली. अनुसयाबाईंनी खटका दाबला, मोटर धडधडली आणि पाणी दांडात पडलं. त्या चपला टाकून अनवाणी पाण्याबरोबर धावत होत्या, या आळ्यातून त्या आळ्यात, पदर खोचून, रडत आणि हसत. आठवडाभर वीज राहिली. सगळी बाग भिजली.

आणि बाग फुलली. अशी फुलली की कुणी पाहिली नव्हती. पान दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. वास आष्टीच्या वाटेपर्यंत जाई. नरहर मास्तर अख्खा वर्ग घेऊन आले. पोरं ओळीतून पळत सुटली आणि मास्तर विहिरीच्या काठावर उभे राहून म्हणाले, "पाहा, हे विज्ञान! देश उभा राहते तो असा!" मग अनुसयाबाईंकडं वळून हळूच म्हणाले, "वहिनी, मी भेलो होतो."

अनुसयाबाईंनी पदरात फुटाणे आणि गूळ आणला, पोरांच्या हातावर ठेवला. बांधावर नत्थूजी उभा होता. त्या दोघांची नजरानजर झाली आणि नत्थूजीनं मान खाली घातली. ज्या झाडाला पान फुटायच्या आधी एवढं फूल येतं, ते झाड जगायचं म्हणून फुललेलं नसतं. जाता जाता जेवढं देता येईल तेवढं देऊन टाकतं. नत्थूजीला हे माहीत होतं, अनुसयाबाईंना माहीत होतं. मास्तरांना माहीत नव्हतं, आणि त्यांना ते सांगणं कुणाच्याही जिवावर आलं असतं. "करा भासन, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पोरं आयकून राह्यले."

मग वीज गेली ती गेलीच. होळीला फुलं गळाली, पाडव्याला खाली पांढरा थर होता तो तपकिरी झाला. हरभऱ्याएवढी धरलेली फळं बोटाचा धक्का लागताच पडत. नत्थूजीनं न विचारता मोट जुंपली, पण मुळ्याच पाणी ओढत नव्हत्या. सल खोडापर्यंत उतरली. चैत्र संपताना बागेत सावलीसुद्धा उरली नाही.

अक्षयतृतीया झाल्यावर केशव आला. तो एक शब्द वावगा बोलला नाही. लाकूडतोडे त्यानं बांधाबाहेर थांबवले होते. "माय, तू म्हनशीन तवा," एवढंच म्हणाला. अनुसयाबाईंनी आधीच बोचकं बांधलं होतं. बोली म्हणजे बोली.

मास्तर निरोपाला आले, पण रेडिओ आणला नव्हता. त्यांचा खांदा एकीकडं उगाच कललेला दिसत होता. ते पाया पडले आणि उठेनात. "वहिनी, मले दोन शिव्या तरी द्या," ते म्हणाले.

"कायच्या शिव्या? तुमी आन मी दोघंही वाटच पाहून राह्यलो होतो," त्या म्हणाल्या. "ज्याच्या हातात पानी होतं त्याले आपली बाग ठावंच नोती." आणि बैलगाडीत बसल्या. पहिली कुऱ्हाड पडल्याचा आवाज गाडी नाल्यात उतरली तेव्हा आला. त्यांनी मागं पाहिलं नाही.

पुलगावचं क्वार्टर चांगलं होतं. सिमेंटची जमीन, दारात नळ, प्रत्येक खोलीत दिवा. सून गरीब स्वभावाची. तिनं सासूसाठी खिडकीजवळ खाट टाकली होती. संध्याकाळ झाली. अनुसयाबाई सवयीनं दिव्याकडं पाहत बसल्या, आता तांबूस होईल, मग विझेल म्हणून. दिवा हलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. वसाहतीच्या तारेच्या कुंपणावर ओळीनं मोठमोठे दिवे लागत आणि पहाटेपर्यंत जळत. पलीकडं गवत होतं, मातीचे उंच ढीग होते, माणूस एकही नव्हता.

"केशव, इथली वीज जात काऊन नाई रे?"

"इथं नाई जात, माय. मोठ्या लायनीवर हाय. आत दारूगोळा हाय ना, तिथं अंधार चालत नाई."

अनुसयाबाईंनी मान हलवली. मग त्या उठल्या आणि आपल्या खोलीतल्या दिव्याचा खटका बंद केला. अंधारात चाचपडत पुढच्या खोलीत आल्या आणि तिथलाही केला. सून स्वयंपाकघरातून दचकून म्हणाली, "आत्याबाई, काय झालं?"

"माय, दिवा काऊन बंद केला?" केशवनं विचारलं.

"राहू दे रे बापा. आपल्याले काय पाह्याचं हाय? तेवढीच जाईन कोनाच्या विहिरीवर."

केशव अगदी हळू म्हणाला, "असं नसते, माय. आपन बंद केली म्हनून ती तिकडं जात नाई."

"मले ठावं हाय," अनुसयाबाई म्हणाल्या.

खिडकीतून कुंपणावरच्या दिव्यांचा उजेड आत येत होता, खाटेपर्यंत. त्याला खटका नव्हता.